शाखांमधलं विंडोज अपग्रेड: आधी आकडे, मग तारीख

मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेल्या आमच्या बँकेच्या शाखांतले संगणक मी रत्नागिरीतून सांभाळते. विंडोज ११ची नवी आवृत्ती दरवर्षी उत्तरार्धात येते. तिला विंडोजच्या एंटरप्राइझ (मोठ्या संस्थांसाठीच्या) प्रकारात ३६ महिने सपोर्ट मिळतो, प्रो प्रकारात २४च. त्यामुळे हे काम वर्षभर चालू ठेवावं लागतं.

सुरुवात इंट्यूनमधल्या (मशीन दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) एंडपॉइंट ॲनालिटिक्स या अहवालांपासून करा. कोणतं मशीन पात्र नाही आणि अडतंय कुठे, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), प्रोसेसर, रॅम की डिस्क, ते तिथे दिसतं. टीपीएम कित्येकदा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसता बंद असतो. खरेदीची यादी करण्याआधी तो बघा.

मग ॲप्स. यादी लांबलचक निघेल, पण सगळी तपासत बसू नका. किती मशीनवर आहे आणि बंद पडलं तर काउंटर थांबेल का, एवढ्यावर गाळा. आमच्याकडे पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर कायम सगळ्यात वर असतो.

अपग्रेड गटागटाने करा. पहिल्या गटात फक्त आयटीची मशीन घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. प्रत्येक मॉडेल, प्रत्येक प्रिंटर एकदा तरी त्यात यायला हवा, आणि संथ लाइनवाली गुहागरकडची शाखासुद्धा. अपग्रेडच्या आधीचा आणि नंतरचा स्टार्टअपचा वेळ, ॲप क्रॅश ताडून पाहा. बिघडले असतील तर पुढचा गट सरळ थांबवा.

डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू ठेवा, म्हणजे शाखेतली मशीन उतरवलेली फाइल एकमेकांकडून घेतात. गणपती आणि मार्चअखेर टाळा. पावसात यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय अपग्रेड सुरू करू नका.