रेंज नसलेल्या वाडीतून 108 आणि 112 पर्यंत पोहोचण्याची तयारी

सह्याद्रीतल्या वाडीपासून टॉवर हवाई अंतराने चार किलोमीटरवर असला, तरी मध्ये डोंगराची सोंड आडवी आली की फोन मुका होतो. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा त्याची पहिली खबर तिथून जाणाऱ्या एसटीच्या चालकाने दिली. नवा टॉवर येईल तेव्हा येईल. कोणत्या जागेवरून 108 (रुग्णवाहिका) किंवा 112 (तातडीची मदत) ला कॉल लागू शकतो हे पावसाळ्यापूर्वी शोधून ठेवणे मात्र वाडीच्या हातात आहे.

त्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेल्या दोघातिघांनी एकत्र फिरून शाळा, पाणवठा, देऊळ आणि प्रत्येक वळणावर नोंद घ्यावी. फोनवरच्या काड्यांवर विसंबू नये, कारण प्रत्येक फोन त्या आपल्या हिशेबाने दाखवतो. सेटिंगमधील सिमच्या माहितीत दिसणारा डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा पाहावा. तो उणे 85 च्या आसपास असल्यास बोलणे स्वच्छ होते, उणे 110 च्या पलीकडे गेल्यास कॉल लागलाच तरी तुटण्याची शक्यता अधिक. चाचणीचे कॉल एकमेकांना करावेत, 108 किंवा 112 ला नव्हे. वीज जाऊन तीन-चार तास झाल्यावर हीच फेरी पुन्हा मारावी, कारण टॉवरची बॅटरी उतरली की सकाळी चांगली ठरलेली जागाही निकामी होते, आणि दरड कोसळण्याच्या रात्री वीज बहुधा गेलेलीच असते.

सापडलेल्या जागेवर, मग तो कातळ असो वा आंब्याचे खोड, चुन्याने ठळक खूण करावी आणि तेथे चालणाऱ्या कंपनीचे नाव लिहावे. स्वतःच्या कंपनीची रेंज नसतानाही 112 चा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. 108 बाबत हे गृहीत धरू नये. म्हणून अशा वेळी आधी 112 लावावा. कॉल टिकत नसेल, तर रेंजमधील नातेवाइकाला गावाचे नाव, तालुका आणि काय घडले ते एसएमएसने कळवून त्याला फोन करायला सांगावे. क्षीण रेंजमध्येही एसएमएस पुष्कळदा निघून जातो.

कॉल लागला म्हणजे काम झाले, असे समजण्यात खरी फसगत आहे. टॉवरवरून काढलेले ठिकाण डोंगरापलीकडचे निघू शकते, आणि एकाच नावाच्या वाड्या तर तालुक्यागणिक आढळतात. जीपीएसला मोबाइलच्या रेंजची गरज नसल्याने वाडीचे अक्षांश-रेखांश आधीच काढून शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवावेत, आणि बोलताना तालुक्यापासून सुरुवात करावी. डांबरी रस्ता सुटल्यावर रुग्णवाहिकेच्या चालकाचा फोनही बंद पडतो, हे आपण हमखास विसरतो. म्हणून कॉल करतानाच फाट्याचे नाव सांगून तेथे विजेरी घेऊन माणूस उभा करावा.

रेंज वाढवण्यासाठी बाजारात मिळणारे बूस्टर मात्र बसवू नयेत. परवान्याशिवाय ते वापरणे बेकायदा आहे आणि त्यामुळे शेजारच्या वस्तीची रेंजही बिघडते. त्याऐवजी नोंदींचा तक्ता ग्रामसभेच्या ठरावासोबत तहसीलदारांकडे द्यावा. केंद्राने जुलै 2022 मध्ये नेटवर्क न पोहोचलेल्या 24,680 गावांसाठी 4जीची योजना मंजूर केली आहे. आपले गाव त्या यादीत आहे का, हे त्याच अर्जात विचारावे.