कॉलेज फुटबॉलच्या हेड कोचला जोखताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये नियमित हंगाम जेमतेम 12 सामन्यांचा. दोन निसटते सामने फिरले की 8-4 (8 विजय, 4 पराभव) चं 6-6 होतं, आणि कोचला हाकला म्हणून ओरड सुरू होते.

नुसता जय-पराजय मोजणं. 8 किंवा कमी गुणांच्या फरकाने संपलेले सामने वेगळे काढा. टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याचे) 6 आणि त्यावरचे दोन गुण मिळून 8, म्हणजे एका आक्रमणात फिरू शकला असता असा सामना. फंबल झालेला, म्हणजे खेळाडूच्या हातून निसटलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल हे जवळपास नाणेफेकीसारखंच, त्यामुळे एका वर्षात असे सामने हातचे गेले तर नशिबालाही वाटा द्यावा लागतो. तेच दरवर्षी होत असेल तर मात्र दोष कोचकडेच शोधा. नेब्रास्का विद्यापीठाचा कोच स्कॉट फ्रॉस्ट 2021 मध्ये 3-9 राहिला आणि नऊही पराभव 9 किंवा कमी गुणांचे होते. दुर्दैव म्हणून त्याला आणखी एक संधी मिळाली. ऑगस्ट 2022 मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध संघ 28-17 ने पुढे असताना त्याने ऑनसाइड किक (चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली आखूड किक) मारायला लावली. चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळाला, सामना 31-28 ने गेला. हा निर्णय त्याचाच होता. इथे नशिबाकडे बोट दाखवता येत नाही.

पहिल्या वर्षावरून शिक्का मारणं. निक सेबनचा अलाबामातला पहिला हंगाम, 2007, मैदानावर 7-6 असा संपला. घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रोकडून हार पत्करावी लागली. 2009 मध्ये तोच संघ अपराजित राहून राष्ट्रीय विजेता झाला. पण आज हा दाखला जपून द्या. ट्रान्स्फर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना दुसऱ्या कॉलेजात जाऊ देणाऱ्या व्यवस्थेमुळे, संघ दोन हंगामांच्या मधल्या काळात बदलता येतो: 2023 चा 3-9 इंडियाना संघ कर्ट सिग्नेटीने 2024 मध्ये 11-2 वर नेला. आमच्या मते आता दोन हंगामांत दिशा दिसायलाच हवी.

एका खेळाडूचं यश कोचच्या खात्यावर टाकणं. जीन चिझिकचा ऑबर्न संघ 2010 मध्ये कॅम न्यूटन क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) असताना 14-0 होता, 2012 मध्ये 3-9. तो स्टार गेल्यानंतरचे दोन हंगाम पाहा.

संस्थेची कुवत विसरणं. तुलनेने दुबळ्या व्हँडरबिल्टचे 9 विजय आणि बलाढ्य अलाबामाचे 9 विजय एका तराजूत घालू नका. उलट, आहे त्याची किंमत न करणंही महागात पडतं. नेब्रास्काने 2003 मध्ये फ्रँक सोलिचला 9-3 असताना काढलं. पुढच्याच वर्षी संघ 5-6 झाला, 1961 नंतरचा पहिलाच हंगाम ज्यात विजयांपेक्षा पराभव जास्त.

करार न वाचता हकालपट्टी मागणं. तीन कलमं बघा: मुदतीआधी काढल्यास कोचला द्यायची भरपाई किती, ती कोणत्या तारखेला घटते, आणि कोचला दुसरी नोकरी लागली तर तिथला पगार भरपाईतून वजा होतो का. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर 2023 मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा 7.5 कोटी डॉलरहून अधिक देणं अंगावर आलं, आणि वजावटीचं कलमच नव्हतं. फ्रॉस्टला 11 सप्टेंबर 2022 रोजी काढलं. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर सुमारे दीड कोटी डॉलरची भरपाई निम्मी झाली असती. अशी घाई भरतीमुळे होते: 2017 पासून नव्या खेळाडूंच्या सह्या डिसेंबरमध्येच सुरू होतात, आणि तोवर नवा कोच हवा असतो. या सगळ्यात सहायक कोचचाही विचार करा. हेड कोच गेला की बहुतेकांना घर हलवावं लागतं, आणि त्यांच्या करारात असली भरघोस भरपाई नसते.