वस्तीतल्या समाजभवनात साल्सा सुरू करायचा तर

नागपुरात धरमपेठ असो की मानेवाडा, साल्सा या जोडीने करायच्या नाचासाठी स्टुडिओच हवा असे काही नाही. समाजभवनाचा वीस बाय तीस फुटांचा हॉल, एक बरा स्पीकर आणि आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ पुरते. एका जोडीला साधारण सहा बाय चार फूट जागा लागते. खुर्च्या आणि कूलरची जागा सोडली की या हॉलमध्ये दहा-बारा जोड्या मोकळ्या नाचतात. त्याहून जास्त झाल्या की हातांची कोपरे एकमेकांना लागायला लागतात.

आधी कान

पहिली वीस मिनिटे कोणीही नाचू नये, फक्त ऐकावे. क्यूबातल्या ‘सोन’ संगीतावर न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन आणि क्यूबन वादकांनी जे उभे केले, ते १९६०-७० च्या दशकांत साल्सा म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६४ साली तिथे सुरू झालेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीचा त्यात मोठा वाटा आहे. या संगीताचा कणा म्हणजे क्लावे, दोन लाकडी दांड्यांवर वाजणारे पाच ठोके. तोंडाने एक ते आठ मोजत राहा आणि टाळी द्या २, ३, ५, साडेसहा आणि ८ वर. साडेसहाची टाळी बहुतेकांची ६ वर किंवा ७ वर पडते. ती जागेवर येईपर्यंत सोडू नका, कारण साल्साची सगळी ओढ त्या अर्ध्या मात्रेत आहे.

मग कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल, ऐका. २ आणि ६ वर कोरडी चापट, ४ आणि ८ वर खुले ‘धुम-धुम’. ढोलकी ऐकत वाढलेल्या कानाला हा फरक लवकर कळतो. गाणे चढले की घंटेसारखी काउबेल १, ३, ५, ७ वर वाजते. मोजणी चुकली तर तिचा आधार घ्यावा. सुरुवातीला मिनिटाला १५० ते १७० ठोक्यांची गाणी लावा. २०० च्या पुढची नव्या माणसाला धावायला लावतात.

मूळ पाऊल

जोडीतला एक नेतो, दुसरा त्याच्या मागे जातो. नेणाऱ्याने १ वर डावा पाय पुढे टाकावा, २ वर वजन जागच्या उजव्या पायावर, ३ वर डावा परत मध्ये. ४ ला थांबा. ५ वर उजवा मागे, ६ वर वजन डाव्यावर, ७ वर उजवा मध्ये. ८ ला थांबा. समोरच्या जोडीदाराचे उलटे: १ वर उजवा मागे, ५ वर डावा पुढे. पाऊल एका वीतेपेक्षा मोठे नको. लांब पाऊल परत आणायला वेळ लागतो आणि ताल तिथेच सुटतो.

शाळेत लेझीम खेळलेल्यांना आठांची मोजणी नवी नसते. नवे असते ते ४ आणि ८ ला थांबणे. सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे ३ वर पाय मध्ये येतो, पण वजन येत नाही. मग ५ ला कुठला पाय उचलायचा तेच कळत नाही. तपासणी सोपी आहे: ४ वर गाणे थांबवा आणि दुसरा पाय उचलायला सांगा. तोल न जाता उचलता आला तर वजन नीट गेले आहे.

साधे वळण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्या. नेणाऱ्याने ३ वर डावा हात जोडीदाराच्या कपाळाच्या किंचित वर न्यावा आणि ५-६-७ वर तिने उजवीकडे पूर्ण फिरावे. हात ओढायचा नाही, अंगठ्याने दाबून धरायचा तर मुळीच नाही, मनगट मुरगळते. बोटे हुकासारखी सैल अडकवली की पुरे.

फरशी, चपला, ऊन

रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज टाइल्सला चिकटतात. पाय अडकतो, शरीर फिरते आणि गुडघा दुखावतो. जुन्या चपट्या बुटांना मोच्याकडून पातळ चामड्याचा तळ लावून घ्या. फरशी गुळगुळीत व्हावी म्हणून कॅरमची पावडर टाकण्याचा मोह टाळा, कोणीतरी हमखास पडते.

एप्रिल ते जूनमध्ये साडेसातच्या आत सुरू करू नये. भिंती तोवर तापलेल्याच असतात. कूलरचा झोत फरशीवर नको, तुषार बसून ती निसरडी होते. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. दर तीन गाण्यांनी पाणी, मध्ये मीठ घातलेले लिंबूसरबत किंवा पन्हे. प्रत्येकाकडे नॅपकिन आणि जादा टी-शर्ट असावा. घामाने निथळलेला हात धरणे कोणालाच आवडत नाही.

जोडीदार बदलणे

गोल करून उभे राहा आणि दर तीन मिनिटांनी जोडीदार एक जागा पुढे सरकवा. एकाच माणसाबरोबर शिकलेला दुसऱ्याबरोबर अडखळतो. ताई-दादा, काका-काकू सगळेच येणार, म्हणून पहिले काही महिने हाताच्या अंतरावरूनच नाचा. विचारल्याशिवाय हात धरायचा नाही आणि ‘नको’ म्हटले की कारण विचारायचे नाही, हे पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा. बायका जास्त आल्या तर त्यांनीही नेण्याची बाजू शिकावी. उघड्या खिडक्यांतून आवाज थेट वस्तीत जातो, म्हणून शेवटचे गाणे पावणेदहाच्या आत संपवा.