विंडोजवर बॅश स्क्रिप्ट चालेना, शेवटी सापडलं काय ते

ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर नीट चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट गिटमधून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) घरच्या विंडोज लॅपटॉपवर घेतली आणि डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबुंटूत रन केली तर सरळ 'बॅड इंटरप्रिटर, नो सच फाईल', अरे पण बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, तर जागेवरच आहे! परमिशन बघितली, पाथ बघितला, दोन तास गेले. मग एररकडे नीट लक्ष दिलं, बॅशच्या नावाला चिकटून एक टोपी (^) आणि एम होता. कॅट कमांडला कॅपिटल ए लावून फाईल उघडली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच.

तर भानगड अशी की युनिक्समध्ये ओळ संपते एका लाइन फीडवर, म्हणजे आस्की १०, आणि विंडोजमध्ये त्याच्या आधी कॅरेज रिटर्न पण असतो, आस्की १३. एम हे तेरावं अक्षर म्हणून तो कंट्रोल एम, म्हणजे टोपी आणि एम, असा दिसतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचं नाव असतं, लिनक्स बिचारं त्या एमसकट नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतं, मिळणार कुठून?

माझ्या गिटमध्ये ऑटोसीआरएलएफ (ओळींचे शेवट आपोआप बदलणारं सेटिंग) ट्रू होतं, चेकआउट करतानाच, म्हणजे फाईल रेपोतून (गिटमधला कोडचा साठा) घेतानाच, गिट ओळींचे शेवट विंडोजसारखे करत होतं. डॉसटूयुनिक्स (ओळींचे शेवट युनिक्ससारखे करणारी कमांड) चालवलं की लगेच काम होतं, मी पण आधी तेच केलं, पण पुढच्या वेळी फाईल नव्याने घेतली की परत तेच. म्हणून रेपोत गिटअॅट्रिब्यूट्सची (कुठल्या फाईलशी गिटने कसं वागायचं ते सांगणारी) फाईल टाकली, त्यात एसएच फाईल्सना, म्हणजे स्क्रिप्टना, ईओएल एलएफ (ओळीचा शेवट फक्त लाइन फीड) करून ठेवलं, जुनी कॉपी डिलीट करून परत चेकआउट केली आणि स्क्रिप्ट पहिल्या झटक्यात चालली, खरंच जीव भांड्यात पडला.