झडप गळते आणि व्यायामही करायचाय? या चुका टाळा

हृदयाची झडप गळते असं कळलं की बहुतेकजण टू-डी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये फुप्फुसातल्या दाबाचा आकडा शोधतात आणि तो बरा दिसला की निर्धास्त होतात. सगळ्यात मोठी चूक हीच. तो आकडा तुम्ही कुशीवर शांत पडलेले असतानाचा असतो. जिना कुणी झोपून चढत नाही.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप नीट मिटत नसेल तर प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त पुढे जाण्याऐवजी हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात परत येतं. फुप्फुसातून येणाऱ्या शिरा याच कप्प्यात उघडतात, त्यामुळे इथला दाब मागे थेट फुप्फुसापर्यंत पोचतो. भरभर चालताना रक्ताचा ओघ वाढतो, ठोके जलद होतात, कप्पा रिकामा व्हायला वेळ कमी मिळतो. काहींची गळतीही वाढते. व्यायामात हा दाब निरोगी माणसाचाही थोडा चढतोच. पण झोपून 30 मिलिमीटर पारा दाखवणारा फुप्फुसातला वरचा दाब गळती जास्त असलेल्या काहींच्यात सायकल मारताना 60 च्या पुढे जातो, आणि तेव्हा डॉक्टर सावध होतात. रिपोर्टमध्ये आकडाच नसेल तर? हा अंदाज बहुधा हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेच्या किरकोळ गळतीवरून काढतात. ती नीट दिसली नाही तर आकडा येत नाही, म्हणून दाब नॉर्मल आहे असं समजू नका.

ट्रेडमिलवर चालून झाल्यावर एको करण्यातही एक गोची आहे. पट्टा थांबवून, पेशंटला झोपवून, एकोचा प्रोब छातीला टेकवेपर्यंत दाब उतरू लागलेला असतो. दाबाचाच प्रश्न असेल तर रेलून पेडल मारतानाच एको करता येईल का, हे आधी विचारा.

‘मला काही त्रास नाही’ हे वाक्यही तपासून घ्यावं. माणूस नकळत लिफ्ट घेऊ लागतो, चढावर फोन बघायच्या निमित्ताने थांबतो आणि धाप लागण्याची वेळच येऊ देत नाही. वर्षापूर्वी सहज जमणारं कोणतं काम आता टाळता, ते घरच्यांना विचारा. त्यांचं उत्तर जास्त खरं असतं.

श्वास रोखून जड वजन उचलू नका. स्नायू आवळले की रक्तदाब चढतो, रक्ताची पुढे जायची वाट अवघड होते आणि मायट्रल झडपेतून जास्त रक्त मागे येतं. दंडाचा रक्तदाब किंवा बोटावरचा ऑक्सिमीटर फुप्फुसातला दाब सांगत नाही, त्यामुळे तिथले चांगले आकडे पाहून वेग वाढवू नका. आणि दुसऱ्या पेशंटचा सल्ला तर नकोच: एओर्टिक झडपेची (हृदयातून शरीराकडे रक्त जाण्याच्या तोंडावरच्या झडपेची) गळती दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात होते, म्हणून तिचं गणित वेगळं असतं.

घाबरून व्यायाम पार सोडणं हीही चूकच. सौम्य गळतीला सहसा बंधन नसतं. जास्त गळती असेल तर मर्यादा तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवावी. तोवर बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. चालताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर गुदमरणं किंवा गुलाबी फेसाळ थुंकी दिसली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता ताबडतोब हॉस्पिटल गाठा. ठोके मंद ठेवणारी गोळी स्ट्रेस टेस्टच्या (व्यायाम करवून घेतलेल्या तपासणीच्या) दिवशी घ्यायची की नाही हेही डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनाने बंद करू नका.