पहिली हाफ मॅरेथॉन: या चुका टाळा, आणि आधी धावायची जागा बदला

दर हंगामात नवे चेहरे दिसतात, आणि चुका मात्र त्याच जुन्या. बूट घेऊन झालेले असतात, घड्याळ घेऊन झालेलं असतं, 'दोन तासांच्या आत' हे जाहीरही करून झालेलं असतं. फक्त धावायचं राहिलेलं असतं. दहा किलोमीटर जमतात, मग हाफचे २१.०९७५ म्हणजे त्याच्या दुप्पट आणि वर थोडं, असा हिशेब घालून मंडळी नाव नोंदवतात. शेवटच्या पाच किलोमीटरना हा हिशेब मान्य नसतो.

सगळ्यात जास्त वैताग आणणारी चूक आधी सांगतो, कारण तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. ती म्हणजे एकाच जागी धावणं.

बागेतला सपाट फेरा किंवा जवळचा ट्रॅक सापडला की माणूस तिथेच रुजतो. सावली आहे, गाड्या नाहीत, कुत्री मागे लागत नाहीत, सगळं खरं. पण शर्यत तिथे नसते. आमच्यासोबत धावणारा एक तरुण असाच ट्रॅकवर तयार झाला. वेग चांगला, दम उत्तम, नेमाने येणारा. चढउताराला चल म्हटलं की म्हणायचा, "काका, तिथे पेस बिघडतो." पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ. शर्यतीत अर्ध्याच्या पुढे एक लांबलचक उड्डाणपूल होता. चढताना गडी व्यवस्थित चढला. वर पोचल्यावर मात्र ओरडला, "आता उतारावर वसूल करतो!" आणि हात मोकळे सोडून सुसाट खाली गेला. त्या पुलावर त्याने मला असं मागे टाकलं, की मला माझ्या वयाची आठवण झाली. सतराव्या किलोमीटरच्या आसपास तो पुन्हा भेटला. दुभाजकाला धरून उभा होता, दोन्ही मांड्या थरथरत होत्या. धाप लागलेली नव्हती. पायच काम करत नव्हते. पुढचं अंतर तो चालला, आणि दोन दिवस जिना उलटा उतरला.

झालं काय? उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो. प्रत्येक पावलाला शरीराचं वजन अडवायचं काम त्याचं. दमाला हे सोपं वाटतं, म्हणून फसगत होते. स्नायूच्या तंतूंना मात्र त्यात बारीक इजा होते. सवय नसलेला स्नायू यात लवकर हरतो. दुखणंही लगेच वर येत नाही, एक ते तीन दिवसांत त्याचा कळस होतो. म्हणून लोक शर्यतीच्या आदल्या आठवड्यात उतार पळून बघतात आणि वर विचारतात, पाय का भरून आले. चांगली गोष्ट अशी, की स्नायू हे पटकन शिकतो. उताराचा थोडा सराव आधी झालेला असेल, तर पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते. तीन-चार आठवडे आधीपासून आठवड्यातून एकदा उतारावर छोटी पावलं टाकत धावा, तेवढं पुरतं.

ट्रॅकचीही गंमत ऐका. ४०० मीटर ही पहिल्या लेनची लांबी. बाहेरच्या प्रत्येक लेनला फेरी साधारण साडेसात मीटरने वाढते, त्यामुळे आठव्या लेनची फेरी ४५० मीटरच्या पुढे जाते. तिथे २५ फेऱ्या मारून 'दहा झाले' म्हणणारा खरं तर अकराच्या वर पळालेला असतो, आणि मग आपला वेग इतका कमी का, म्हणून खंतावतो. शिवाय सगळी वळणं डावीकडेच. रस्त्याचा प्रश्न वेगळा. तो मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. कायम एकाच कडेने धावलं, की एक पाय कायम खाली पडतो, आणि मग कमरेच्या बाजूला किंवा गुडघ्याच्या बाहेरून दुखायला लागतं. लोक बूट बदलतात. जागा बदलून पाहा आधी.

माझा शिरस्ता साधा आहे. वेगाचा सराव ट्रॅकवर, एक दिवस चढउताराच्या रस्त्यावर, जमेल तेव्हा मातीवर, आणि लांब पल्ल्याचं धावणं नेहमी एका दिशेला जाऊन परत येण्याचं. यातलं शेवटचं मी सोडत नाही. छोट्या फेऱ्यांमध्ये प्रत्येक वेळी गाडी दिसते, पाण्याची बाटली दिसते, घरी जायची वाट दिसते. नऊ किलोमीटर लांब गेलात, तर नऊ परत यावंच लागतं. फेऱ्या मोजून १८ करणाऱ्याला हे कळत नाही. तो सोळाव्याला 'आज बास' म्हणून सुटतो, आणि शर्यतीत नेमकी तीच सुटण्याची सवय वर येते.

दुसरी लाडकी चूक: हळू धावायची लाज.

हाफ दोन तासांत करायची तर किलोमीटरला सुमारे ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात. अशा माणसाने लांब पल्ला किलोमीटरला पावणेसात-सात मिनिटांच्या आसपास धावावा. तो धावतो सहाने, कारण स्ट्राव्हावर, म्हणजे धावणं नोंदवायच्या ॲपवर, लोक बघतात. हा वेग ना धड सरावाचा, ना धड शर्यतीचा. रोज थकवा येतो, सुधारणा होत नाही, आणि महिन्याभरात नडगी दुखायला लागते. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडं आणि कंडरा यांना महिने लागतात. अधीर माणसाला दम साथ देतो म्हणून तो अंतर वाढवत जातो, आणि बिल पायांच्या नावावर फाटतं. 'सहा आठवड्यांत शून्यापासून हाफ' असले तक्ते मला म्हणूनच आवडत नाहीत. ज्यांना ते जमतं ते आधीपासून कुठला तरी खेळ खेळत असतात, फक्त ते सांगत नाहीत.

कसोटी एकच: सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तुटक हुंकार येत असतील तर वेग कमी करा. एकटे असाल तर गाणं म्हणा. हसू देत लोकांना.

शर्यतीतही हाच रोग. सुरुवातीला गर्दी, ढोल, मोकळे पाय. पहिले तीन किलोमीटर ठरल्यापेक्षा वीस-वीस सेकंद जोरात धावून माणूस एक मिनिट 'कमावतो', आणि शेवटच्या चारात प्रत्येकी एकेक मिनिट घालवतो. पहिल्या तीनमध्ये लोक मला मागे टाकत असतील तर मी टाकू देतो. पंधराच्या पुढे त्यातले बरेच भेटतात.

घड्याळाबद्दलही बोललं पाहिजे, कारण शर्यत संपल्यावर कुणी ना कुणी आयोजकांशी भांडतच असतं: "माझ्या घड्याळात २१.३५ आलं, मार्ग चुकीचा मोजलाय!" प्रमाणित मार्ग शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजतात, वळणांच्या आतल्या कडेपासून अवघे ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. तुम्ही मात्र गर्दीतून नागमोडी धावता, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जाता, वळणं बाहेरून घेता. त्यात उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. अंतर जास्तच दिसणार. प्रश्न भांडणाचा नाही, वेळेचा आहे. घड्याळावर ५:४१ धरून २१.३५ पळालात, तर दोन तास उलटून वर सव्वा मिनिटाहून जास्त जातं. ५:३७ धराल तर जेमतेम आत. मी घड्याळात दर किलोमीटरला आपोआप पडणारा लॅप (टप्प्याची नोंद) बंद ठेवतो आणि रस्त्यावरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबतो.

बाकीचं पटापट.

नवे बूट शर्यतीच्या दिवशी नकोत. नवे मोजेही नकोत. कार्बन प्लेटचे, म्हणजे तळव्यात ताठ कार्बन पट्टी असलेले बूट वेगवान धावणाऱ्याला मदत करतात हे खरं, पण ज्याचा घोटा आधीच डगमगतो त्याने त्या उंच, मऊ तळव्यावर उभं राहून काय मिळवायचं, मला कळलेलं नाही.

लांब पल्ल्याच्या सरावात जे जेल (धावताना घ्यायचा साखरेचा घट्ट पाक) पोटाला मानवलं तेच शर्यतीत. जेल पाण्यासोबत घ्या, सरबतासोबत नको. एकावर एक साखर पडली की पोट ढवळतं.

पाणी तहानेनुसार प्या. प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले रिचवणारे समजतात की आपण शहाणपणा करतोय. फार पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. हळू धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण प्यायला त्यांच्याकडे वेळ जास्त.

काख, मांड्यांच्या आतली बाजू, पुरुषांनी स्तनाग्रं: व्हॅसलीन लावा. संपल्यावर आंघोळीला गेलात की कळेल का सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात राहिलेला सराव 'भरून' काढू नका. तो भरत नाही, फक्त पाय जड होतात.

दुसऱ्याच्या बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकावर, धावू नका. वैद्यकीय पथक तुम्हाला उचलेल तेव्हा त्यांच्याकडे वय, रक्तगट आणि घरचा फोन नंबर भलत्याच माणसाचा असेल.

आणि धावण्याआधी 'खबरदारी म्हणून' वेदनाशामक गोळी घेणारे. हे मी सुरुवातीच्या रेषेजवळ उघड्यावर चाललेलं पाहतो, अगदी बडीशेप वाटावी तसं वाटप. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. घाम गाळून शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना हे नेमकं नको असतं. शिवाय थांब म्हणून सांगणारं दुखणंच गप्प बसवलं, तर थांबायचं कधी हे कळणार कसं? गोळीशिवाय सुरुवातीच्या रेषेपर्यंत येता येत नसेल, तर त्या दिवशी बिब पिशवीत ठेवा आणि कडेला उभं राहून इतरांसाठी टाळ्या वाजवा. पुढच्या हंगामाची नोंदणी उघडेपर्यंत नडगी किंवा गुडघा दाखवून यायला भरपूर वेळ असतो.