कपाशीवर संजीवकं आणि पानगळीची औषधं: या चुका टाळा

कपाशीची पाती (फुलाआधीची कळी) गळायला लागली की आपण थेट कृषी सेवा केंद्र गाठतो. त्याआधी झाडाखाली पडलेल्या दहा-वीस पात्या उचलून तळहातावर घ्या. भोक दिसलं, आत विष्ठा दिसली, तर गळ अळीची आहे; तिथे संजीवक (झाडाची वाढ आणि गळ आवरणारं औषध) मारून रुपयाचाही फायदा नाही. पाती धड असेल तर कारण ढगाळ हवा, साचलेलं पाणी, पावसाचा खंड किंवा नत्राची उणीव यांत शोधा. एनएए ४.५ टक्के, म्हणजे गळ थांबवणारं ऑक्सिन गटातलं संजीवक, कामाचं आहे ते इथे, तेही वाफसा (जमिनीत बेताची ओल) असताना. पाणी तुंबलेलं असेल तर आधी चर काढा.

१० लिटर पाण्यात साडेचार मिली एनएए टाकलं की २० पीपीएमचं (दहा लाख भागांत २० भाग) द्रावण होतं. एवढंसं औषध नजरेला पुरेसं वाटत नाही, म्हणून अंदाजाने टोपणभर ओतलं जातं. मात्रा जास्त झाली की झाडात इथिलीन (गळ घडवणारा वायू) वाढतं आणि जी गळ थांबवायची तीच वाढते. पाच मिलीची सिरिंज पंपासोबत कायम ठेवा.

मेपिक्वाट क्लोराईडची गोष्ट वेगळी. ते झाडातलं जिबरेलिन (उंची वाढवणारं संप्रेरक) कमी करून कांड्या आखूड ठेवतं. भारी जमीन, भरपूर नत्र, दाट लागवड आणि सततचा पाऊस असेल तिथे ते हवंच. पण शेजाऱ्याने मारलं म्हणून हलक्या रानात, पावसाने ओढ दिलेली असताना मारलं तर आधीच थांबलेलं झाड आणखी खुंटतं, आणि ती वाढ परत आणणारं औषध नाही. शेंड्याकडून चौथ्या आणि पाचव्या पानामधली कांडी पट्टीने मोजा. ती ७-८ सेंटीमीटरच्या पुढे गेली असेल तर फवारा. ५ सेंटीमीटरच्या आत असेल तर बाटली घरीच राहू द्या. उंची आवरण्याला मी एवढं महत्त्व का देतो? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) फवारा थेट तोंडावर येतो.

आता पंपाचं. हे मी स्वतः भोगलंय. शेजारच्या रानातून मागून आणलेला पंप आधी उसातल्या तणावर २,४-डी मारायला वापरला होता. मी तो साध्या पाण्याने दोनदा विसळला आणि कपाशीत घातला. आठ-दहा दिवसांत शेंड्याची पानं भेंडीच्या पानासारखी चिरली, अरुंद झाली, शिरा जवळजवळ आल्या. व्हायरस समजून मी आणखी एक फवारणी वाया घालवली. २,४-डी हेही एनएएसारखं ऑक्सिनच, आणि कपाशी त्याला फार हळवी आहे. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. इजा हलकी असेल तर झाडं उपटू नका. पाणी सांभाळा, दोन-तीन आठवडे थांबा, नवीन पान सरळ येतंय का ते बघा.

पानगळीचं औषध, म्हणजे वेचणीआधी पानं मुद्दाम गाळणारं, यंत्राने वेचणी असेल तरच परवडतं. हाताच्या वेचणीत त्याची फारशी गरज नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे तणनाशक मारून पानं जाळणं. जळालेलं पान देठासकट झाडाला चिकटून राहतं, चुरा होऊन रुईत मिसळतं आणि भाव पाडतं. थायडायझुरॉन या पानगळीच्या औषधाने देठाच्या बुडाशी सांधा सुटतो आणि पान हिरवं असतानाच गळतं. मात्र ते बोंडं फोडत नाही. म्हणून मारण्याआधी निम्म्याहून जास्त, साधारण ६० टक्के बोंडं फुटलेली हवीत. वरचं एखादं हिरवं बोंड चाकूने आडवं कापा: सरकीचं टरफल तपकिरी झालं असेल आणि आत चिकट गर नसेल तर ते पक्व आहे. रात्री थंड पडल्या की हे औषध मंदावतं, म्हणून डिसेंबरच्या गारठ्यात मारून निकाल दिसत नाही म्हणून पुन्हा मारू नका. लेबलवर कपाशी लिहिलेली नसेल तर ते विकतच घेऊ नका.

आणि फवारलेल्या रानात शेळ्या-मेंढ्या बसवायच्या नाहीत. वेचणीनंतर कळप घेऊन येणाऱ्या मेंढपाळाला हे बांधावरच सांगा. तो पानं बघून आत शिरतो, फवारणी त्याला दिसत नाही.